आजोबांची बंदूक माळ्यावर, लायसन पेटीत

[हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोललेलंच थोडं नीटनेटकं करून लिहिलंय, त्यामुळे भाषा मध्येच घरगुती होईल. चालवून घ्या.]

आजचा विषय बंदूक. घाबरू नका, कोणाला विकत घ्यायला सांगत नाहीये. पण गेल्या शिमग्यापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाहीये, आणि त्याला कारण आहे आमच्याच घरातली एक रील.

आमचं गाव सिंधुदुर्गात. मी ठाण्यात असते. शिमग्याला मला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून रात्री झोपायच्या आधी फोनवर स्क्रोल करत गावचे व्हिडिओ बघत पडले होते. आणि अचानक समोर आमचा बाबू. माझा चुलत भाऊ, वय १९. डोळ्यांवर गॉगल, मागे कुठलंतरी दणदणीत गाणं, आणि खांद्यावर आजोबांची ठासणीची बंदूक. स्लो मोशनमध्ये ती खांद्यावरून खाली येते आणि नळी थेट कॅमेऱ्यावर रोखली जाते. पुढे आगीचा इफेक्ट. मोबाइल धरला होता त्याच्या धाकट्या बहिणीने, वय वर्षं ११. दोन तासांत पाचशेच्या वर लाइक.

मी त्याला तिथल्या तिथे फोन लावला. ‘आधी डिलीट कर, मग बोलू.’ तर मागून काकांचा आवाज: ‘बाय, लायसन आसा मा पेटयेत, मगे कित्याक घाबरतंस?’

तर मंडळी, आजचा सगळा एपिसोड म्हणजे काकांच्या या एका वाक्याला दिलेलं उत्तर आहे.

लायसन कोणाचं? बंदुकीचं की माणसाचं?

आपल्या डोक्यात काय असतं, की गाडीचं जसं आरसी बुक असतं तसं बंदुकीचं लायसन. बंदूक घरात, लायसन घरात, विषय संपला. पण तसं नाहीये. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ नावाचा कायदा आहे. त्याचं कलम ३ सांगतं, की परवाना नसेल तर कोणत्याही व्यक्तीने अग्निशस्त्र किंवा दारूगोळा मिळवायचा नाही, जवळ ठेवायचा नाही, बाळगायचा नाही. शब्द ‘व्यक्ती’ आहे. घर नाही, कुटुंब नाही. परवान्यावर आजोबांचं नाव, आजोबांचा फोटो. आजोबा गेले, सहा वर्षं झाली. आता तो परवाना म्हणजे आठवण म्हणून ठेवायचा कागद. आणि बंदूक? ती माळ्यावर आहे, म्हणजे ज्याचं घर त्याच्या ताब्यात आहे. विनापरवाना.

अशा वेळी काय करायचं तेही कायद्यात लिहिलंय. कलम २१. परवाना संपला, रद्द झाला किंवा परवानाधारक गेला, म्हणजे ज्या क्षणी ते शस्त्र जवळ ठेवणं कायदेशीर राहत नाही, तेव्हा विनाकारण उशीर न लावता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायचं. जमा केलं म्हणजे गेलं असं नाही. वारसाला स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करता येतो, किंवा परवाना असलेल्या दुसऱ्या कोणाला ते विकता येतं. २०१६ च्या शस्त्र नियमांत तर अशीही सोय आहे, की परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने ते शस्त्र २५ वर्षं बाळगलं, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावाने करून देण्याची प्रक्रिया सुरू करता येते. आमच्या आजोबांना हे कोणी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर त्यांनी केलं असतं, कारण सातबाऱ्यावरची नावं त्यांनी स्वतः खेटे घालून लावून घेतली होती.

इथे काकांचा पुढचा मुद्दा: ‘ती जुनी आसा, अँटिक.’ हा गैरसमज खूप घरांत आहे. वाडा असेल, जुनं घराणं असेल, तर भिंतीवर टांगलेली बंदूक म्हणजे शोभेची वस्तू असं आपण धरून चालतो. कायद्यात जुन्या शस्त्रांना सूट आहे हे खरं, कलम ४५ मध्ये. पण अट वाचा. शस्त्र जुन्या धाटणीचं, पुराण वस्तू म्हणून मोलाचं किंवा नादुरुस्त असलं तरी ते दुरुस्त करून किंवा न करता, कसंही करून बंदूक म्हणून वापरता येण्यासारखं नसावं. नुसतं गंजलंय, पण साफ करून, एखादी स्प्रिंग बदलून चालणार असेल, तर सूट नाही. आमची तर साधी तेल-पाणी केलेली होती.

मित्राचं आहे, मी फक्त फोटो काढला

आता बाबूकडे येऊ. बाबूचं म्हणणं होतं, ‘ताई, मी काय चोरली नाय, हातात घेतली फक्त.’ हेच वाक्य शहरात ‘मित्राचं पिस्तूल होतं, त्याच्याकडे लायसन आहे’ असं ऐकू येतं. परत तेच. लायसन मित्राचं आहे, तुझं नाही. दुसऱ्याचं शस्त्र विनापरवाना हातात बाळगायची कायद्यातली सवलत फार बारीक आहे: परवानाधारकाच्या समोर किंवा त्याच्या लेखी परवानगीने, तेही दुरुस्तीला नेण्यासाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्या परवानाधारकाच्याच वापरासाठी. रीलसाठी अशी सवलत नाही. शिवाय मित्रही अडकतो, कारण ज्याला देऊ नये त्याला शस्त्र दिलं आणि परवान्याच्या अटी मोडल्या, हे दोन्ही त्याच्या गळ्यात. आणि बाबूचं वय १९. बंदुकीच्या परवान्याला किमान वय २१ लागतं. म्हणजे त्याने अर्ज केला असता तरी तो तसाच परत आला असता.

पेपरात तुम्ही वाचलं असेल, ‘आर्म अ‍ॅक्ट ३(२५) प्रमाणे गुन्हा दाखल’. मलाही वाटायचं, तिसऱ्या कलमाचं पंचविसावं पोटकलम वगैरे असेल. तसं नसतं. कलम ३ मोडलं म्हणून कलम २५ खाली शिक्षा, एवढंच त्या कंसाचं प्रकरण आहे. आणि ती शिक्षा २०१९ मध्ये वाढली. साधं विनापरवाना अग्निशस्त्र सापडलं तर आधी एक ते तीन वर्षं होती, आता दोन ते पाच वर्षं आणि वर दंड. शस्त्र ‘प्रतिबंधित’ गटातलं असेल तर सात ते चौदा वर्षं.

‘प्रतिबंधित’ हा शब्द ऐकला की सगळ्यांना एके-४७ आठवते. ऑटोमॅटिक शस्त्रं त्यात येतातच. पण सैन्य-पोलिसांच्या वापरातल्या काही नळ्यांची मापंही त्यात आहेत, उदाहरणार्थ ९ मिलिमीटर आणि .३०३. वेब सिरीजमध्ये प्रत्येक दुसऱ्या माणसाच्या कमरेला जे नाइन एमएम दिसतं, ते सामान्य नागरिकाला मिळणाऱ्या यादीतलं नाहीच. नागरिकाला मिळतं ते बहुतेक वेळा .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, तेही सगळे सोपस्कार झाल्यावर. म्हणजे पंचवीस-तीस हजारांत कोणीतरी आणून दिलेला गावठी कट्टा ‘सेल्फ डिफेन्ससाठी’ कमरेला लावणाऱ्या पोराला, आपण दोन वर्षांच्या दारात उभे आहोत की सात वर्षांच्या, याचा पत्ताच नसतो. ते त्याच्या नळीच्या मापावर ठरतं.

पण माझा हेतू वाईट नव्हता ना!

हा सगळ्यात मोठा गैरसमज. याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. संजय दत्त. तुमच्यापैकी अनेकांना ते २०१८ च्या ‘संजू’ सिनेमामुळे माहीत असेल. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात त्याच्यावर एके-५६ रायफल बाळगल्याचा आरोप होता. दंगलीच्या काळात कुटुंबाच्या संरक्षणासाठी ठेवली, असं त्याचं म्हणणं होतं. २००६ मध्ये विशेष न्यायालयाने त्याला टाडाखालच्या आरोपातून मुक्त केलं, म्हणजे हा माणूस दहशतवादी कटात नव्हता हे मान्य केलं. तरीही शस्त्र कायद्याखाली दोषी धरून सहा वर्षांची शिक्षा दिली. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती पाच वर्षांवर आणली, पण रद्द केली नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो येरवड्यातून बाहेर आला. एवढा पैसा, एवढं नाव, देशातले मोठमोठे वकील. तरी ‘घरच्यांसाठी ठेवली होती’ हे उत्तर पुरलं नाही. कारण प्रश्न ‘कशाला ठेवली’ हा नव्हताच. प्रश्न ‘तुझ्याकडे होती का आणि परवाना होता का’ एवढाच होता.

गंमत म्हणजे ‘ताबा’ म्हणजे नेमकं काय, यावरचा महत्त्वाचा निकालसुद्धा त्याच्याच नावाने आहे, १९९४ चा. त्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ताबा जाणतेपणी असला पाहिजे. तुमच्या नकळत कोणी तुमच्या बॅगेत काही टाकलं, तर तो कायद्याच्या अर्थाने तुमचा ताबा नाही. हे का महत्त्वाचं? विमानतळावर दर थोड्या दिवसांनी कोणाच्यातरी बॅगेत एखादं जिवंत काडतूस सापडतं. वडील सैन्यात होते, त्यांची जुनी बॅग घेऊन पोरगं निघालं, कप्प्यात काडतूस राहिलेलं. लोकांना वाटतं, बंदूक नाही ना, मग नुसत्या गोळीचं काय? तर परवाना गोळीलाही लागतो. गुन्हा दाखल होतो. पुढे अशी अनेक प्रकरणं दिल्ली हायकोर्टाने ‘जाणतेपणी ताबा नव्हता’ म्हणून रद्द केली आहेत. पण रद्द होईपर्यंत विमान गेलेलं असतं, नोकरीची तारीख गेलेली असते आणि वकिलाची फी दिलेली असते. जुनी बॅग वापरणार असाल तर सगळे कप्पे उलटे करून झटका. खरंच सांगते.

आता आमच्या केसमध्ये ‘नकळत’ म्हणायची सोयच नव्हती. घरातल्या प्रत्येकाला बंदूक कुठे आहे ते माहीत होतं, आणि वर पाचशे लोकांनी लाइक केलं होतं.

अमेरिकेत चालतं, मग आपल्याकडे का नाही?

याआधी हा विषय येणार असं सांगितल्यावर एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली होती: ‘स्वसंरक्षण हा मूलभूत हक्क आहे, मग बंदूक हापण हक्कच झाला ना?’ प्रश्न चांगला आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ ची दुसरी दुरुस्ती आहे, तिच्यात शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे. २००८ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने तो व्यक्तीचा हक्क आहे असं स्पष्ट केलं. आपल्या घटनेत असं काही नाही. आणि ते विसरून राहिलेलं नाही, ठरवून ठेवलेलं नाही.

ब्रिटिशांनी १८७८ मध्ये शस्त्र कायदा आणला, त्यात भारतीयांना परवाना सक्तीचा आणि युरोपियनांना सूट. त्यामुळे निःशस्त्र केल्याची सल स्वातंत्र्य चळवळीत होती. १९३१ च्या काँग्रेसच्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क चक्क लिहिलेला आहे. मग घटना समितीत, डिसेंबर १९४८ मध्ये, ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घ्यावा असा आग्रह धरला. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की प्रत्येक माणसाला बाजारात जाऊन कोणाच्याही रोकटोकीशिवाय हत्यारं घेण्याचा हक्क असेल तर राज्य कारभार चालवणार कसं, हे त्यांना कळत नाही. दुरुस्ती बारगळली. २०२३ मध्ये बेकायदा शस्त्रांचा विषय सुप्रीम कोर्टाने स्वतःहून हाती घेतला, तेव्हाही न्यायमूर्तींनी अमेरिकेशी हाच फरक सांगितला: आपल्याकडे हा मूलभूत हक्क नाही.

अपवाद एक आहे, आणि तो फार रंजक आहे. कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यातले कोडव लोक आणि तिथले जम्मा जमिनीचे धारक. त्यांना ब्रिटिश काळापासून ठराविक शस्त्रांसाठी परवान्यातून सूट आहे. केंद्राने २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षांनी वाढवली. आमच्या काकांना हे कळल्यावर ते म्हणाले, कोकणाक कित्याक नाय? उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मात्र ‘आपल्याकडे कायदा कडक, म्हणून बंदुका कमी’ हेही खरं नाही हं. स्मॉल आर्म्स सर्व्हे या जिनिव्हाच्या संस्थेचा २०१७ चा अंदाज आहे, की भारतात नागरिकांच्या हातात सुमारे ७ कोटी ११ लाख बंदुका आहेत. अमेरिकेनंतर जगात दुसरा नंबर. त्यातल्या नोंदणीकृत फक्त ९७ लाखांच्या आसपास. अंदाजच आहे, पण माळ्यावरच्या बंदुका किती असतील याची त्यावरून कल्पना येते.

तलवार, कोयता आणि छर्ऱ्याची बंदूक

हे पटकन सांगते, कारण वाढदिवसाचा सीझन बाराही महिने असतो. तलवारीने केक कापला की गुन्हा का होतो? तलवारीला बंदुकीसारखा सरसकट देशभर परवाना नाही. पण कलम ४ प्रमाणे सरकार अधिसूचना काढून एखाद्या भागात अशी हत्यारं बाळगायला परवाना सक्तीचा करू शकतं. त्यात तलवारी, खंजीर, भाले येतात, आणि नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. मग ऊसतोडीचा कोयता? शेतात तो अवजार आहे. पण रात्री अकरा वाजता चौकात तो हवेत फिरवला, तर पोलिसांकडे महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ आहे, ज्याखाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात, आणि ते मोडले की कलम १३५ लागतं. ‘भाऊ, शेतीचं अवजार आहे’ हे वाक्य चौकात चालत नाही.

छर्ऱ्याची एअरगन ऑनलाइन मिळते म्हणून सगळ्याच एअरगनना परवाना लागत नाही, असंही नाही. नळी .१७७ इंचापेक्षा मोठी किंवा ताकद २० ज्यूलपेक्षा जास्त असेल, तर परवाना. त्याच्या आतली असेल तर नाही. पण बिनपरवान्याच्या एअरगनने पक्षी मारत फिरलात तर वनखातं येईल, ते वेगळं.

परवाना मिळाला म्हणजे सुटलो?

अजिबात नाही. परवाना कोण देतं? आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त, बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकारी, जिल्हादंडाधिकारी म्हणून. पोलिसांचा अहवाल लागतो, शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण लागतं. परवाना पाच वर्षांचा असतो. २०१९ पासून एका परवान्यावर जास्तीत जास्त दोन शस्त्रं, आधी तीन होती. आणि अटी? सार्वजनिक ठिकाणी नेताना हँडगन होल्स्टरमध्ये, लांब बंदूक झाकून. नाचवायची नाही, दाखवायची नाही. नाचवली किंवा उडवली तर परवाना रद्द होऊ शकतो.

वरातीत हवेत बार काढणं हा तर २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. लोकांचा जीव धोक्यात येईल असा गोळीबार लग्नात, देवळात, मिरवणुकीत केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘वर मारली, कोणाला लागणार?’ अहो, वर गेलेली गोळी खाली येते. सरळ वर मारलेली रायफलची गोळी परतताना सेकंदाला साधारण ६० ते ९० मीटर वेगाने पडू शकते. डोक्याची कवटी फुटायला तेवढं पुरतं. आणि नाचत असलेला माणूस सरळ वर मारतच नाही, तिरकी मारतो. तिरकी गोळी वेग बराचसा टिकवून शेजारच्या गल्लीत पोचते.

आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याबद्दलही असंच. कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा खास उल्लेख आहे, कलम १३ मध्ये. पण तो परवाना बंदूक ठेवायचा आहे, डुक्कर मारायचा नाही. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्यात येतं, त्याला मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. रात्री भातात डुकरं घुसून वर्षाचं पीक एका रात्रीत लोळवतात, तेव्हा हे ऐकायला किती कडू लागतं ते मला माहीत आहे. आमच्या घरात त्यावरून भांडणं झाली आहेत. मला स्वतःला ही व्यवस्था शेतकऱ्याच्या बाजूने फारच ढिली वाटते. पण कायदा आज असा आहे.

स्वसंरक्षणाचं सांगायचं तर तो हक्क आहेच, आता भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४. जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल अशी वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा मृत्यू झाला तरी बचाव मिळू शकतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ होता तर हा हक्क मिळत नाही. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत घातलेली गोळी यात सहसा बसत नाही. ‘पायावर मारली’ हा सिनेमातला उपायही सोडून द्या. मांडीत मोठी धमनी असते, ती फुटली तर माणूस काही मिनिटांत जातो.

सिनेमावरून आठवलं. सायलेन्सर लावला की ‘फुस्स’ असा आवाज येतो ना? साध्या पिस्तुलाचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो, सायलेन्सर त्यातले वीस-तीस कमी करतो. उरतो तो आवाजसुद्धा कान दुखवणारा. पलीकडच्या खोलीत झोपलेल्या माणसाला ऐकू येतोच. हा गैरसमज निदान निरुपद्रवी आहे. पुढचा नाही.

रिकामी आहे, घाबरू नको

पिस्तुलाची मॅगझिन काढली की ते रिकामं झालं असं सगळ्यांना वाटतं. पण एक गोळी आधीच वर नळीच्या तोंडाशी, चेंबरमध्ये जाऊन बसलेली असू शकते. मॅगझिन हातात, आणि ट्रिगर दाबला तर अनेक पिस्तुलं ती एक गोळी उडवतात. रिव्हॉल्व्हरला तर बहुधा वेगळं सेफ्टीचं बटणच नसतं. शस्त्र सवयीचं असलेल्या माणसाकडूनही अपघात होतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेता गोविंदाला स्वतःच्याच परवाना असलेल्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली होती, ती बातमी तुम्ही वाचली असेल. म्हणून शूटिंग रेंजवर पहिल्या दिवशी शिकवतात, की कोणतंही शस्त्र भरलेलंच आहे असं धरा आणि नळी कोणावर रोखू नका.

तर आमच्या बंदुकीचं पुढे काय झालं?

रील डिलीट झाली. मी एका वकील मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, सहा वर्षं ठेवलीत हे चुकलंच, पण आता स्वतःहून जमा करा, आजोबांच्या मृत्यूचा दाखला आणि जुना परवाना जोडून लेखी अर्ज द्या, आधी ठाण्यात फोन करा आणि मग निघा. मी शनिवारी गावी गेले. काकांना तयार करायला एक दिवस गेला. त्यांची भीती खरी होती: आपण आपल्या पायांनी जाऊन सांगायचं, की सहा वर्षं आमच्याकडे बेकायदा बंदूक होती? समोरचा साहेब कसा असेल काय माहीत. शेवटी काकूच म्हणाली, पुढच्या शिमग्याला परत हीच कटकट नको.

सोमवारी सकाळी बंदूक गोणपाटात गुंडाळून रिक्षाने निघालो. मागच्या सीटवर काका, मी आणि मध्ये बाबू. बंदूक आडवी, माझ्या आणि बाबूच्या मांडीवर. ठाण्यात एक वयस्कर हवालदार होते. त्यांनी अर्ज वाचला, ‘आतापर्यंत कुठे होती?’ असं एकदा दरडावून विचारलं, आणि मग बंदूक टेबलावर घेतली. नळीखालचा गज काढला. बाहेरून नळीला लावून मापला, बोटाने खूण धरली. मग तोच गज नळीत सोडला. तो खुणेच्या चार बोटं आधीच थांबला.

त्यांनी परत सोडला. परत तिथेच.

‘ही भरलेली आहे,’ ते म्हणाले. ‘कोणी भरली?’

कोणालाच माहीत नव्हतं. आजोबांनीच कधीतरी, डुकरांसाठी किंवा माकडांसाठी, बार ठासून ठेवला असणार आणि मग आजारी पडले असणार. ठासणीच्या बंदुकीत दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं तशीच राहते. उडायला फक्त मागे टोपी लावायची आणि चाप ओढायचा.

काका खुर्चीत बसले. बाबू भिंतीला टेकून उभा होता, त्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. हवालदारांनी सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं, नळीत पाणी ओतून दारू भिजवली, मग साहेबांना बोलावून पंचनाम्याचं बघितलं. आमच्यावर गुन्हा नोंदवला नाही. ते आमचं नशीब म्हणा, साहेबांचा समजूतदारपणा म्हणा. प्रत्येक ठिकाणी तसंच होईल असं मी सांगणार नाही, तुम्ही तुमच्या वकिलाला विचारूनच पाऊल टाका. बंदूक जमा झाली, पावती मिळाली. काकांनी स्वतःच्या नावाने पीक संरक्षणासाठी अर्ज केलाय, त्याचं अजून काही कळलेलं नाही.

परत येताना रिक्षात कोणी बोलत नव्हतं. घरी पोचल्यावर काकांनी पावती ठेवायला ती जुनी पेटी उघडली. आत आजोबांचं लायसन होतं, आणि त्याच्या शेजारी टोप्यांची पत्र्याची छोटी डबी. डबीवर धूळ नव्हती.

मी बाबूकडे बघितलं. तो म्हणाला, ‘ताई, रीलला खरा आवाज यावा म्हणून एक लावून बघणार होतो. झाकण घट्ट बसलेलं, उघडलं नाय.’